एका थंड आठवड्याचा व्यापार

बोस्टन आणि रोम ही दोन शहरे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. नकाशावर एवढी गोष्ट पाहिली, की एकोणिसाव्या शतकातला बर्फाचा व्यापार पुन्हा एकदा मुळापासून तपासावासा वाटतो. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या शहरांना १८३० ते १८८० या दशकांत जो बर्फ मिळत होता, तो ध्रुवप्रदेशातून किंवा एखाद्या हिमनदीवरून येत नव्हता. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या, बोस्टनपासून काही मैलांवरच्या लहान तळ्यांवर तो कापला जाई. या भागात जानेवारीचे सरासरी तापमान गोठणबिंदूच्या खाली जेमतेम दोन-तीन अंश असते. सरासरी एवढी काठावरची असली, की थंडी सलग राहत नाही. वायव्येकडून आर्क्टिकची कोरडी हवा उतरते, पाच-सात दिवस पारा उणे दहाच्या आसपास रेंगाळतो, मग वारा दक्षिणेला फिरतो, पाऊस येतो, तळ्याच्या काठचा बर्फ सुटतो. या दोन अवस्थांच्या मध्ये आभाळ भरून येते आणि हलके हिम भुरभुरते. या व्यापाराचा इतिहास सहसा जहाजांचा आणि एका जिद्दी व्यापाऱ्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो खोटा नाही, पण त्यात मुख्य गोष्ट बाजूला पडते. बर्फाच्या व्यापाऱ्यांनी जगाला जे विकले ते दर हिवाळ्यात मोजक्या वेळा येणारे थंड, कोरडे, हिम न पडलेले आठवडे होते. त्या आठवड्यांची वाट पाहण्याचे, ते ओळखण्याचे आणि ते हातचे जाऊ न देण्याचे कौशल्य हेच या धंद्याचे खरे भांडवल होते, असे माझे म्हणणे आहे.

व्यापाऱ्याची गोष्ट थोडक्यात सांगून टाकतो, कारण ती अनेकांनी सांगितली आहे. फ्रेडरिक ट्यूडर हा बोस्टनच्या सुखवस्तू घरातला मुलगा, जन्म १७८३. फेब्रुवारी १८०६ मध्ये त्याने ‘फेव्हरिट’ नावाच्या जहाजातून सुमारे १३० टन बर्फ कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर पाठवला. तिथे बर्फ साठवायला जागा नव्हती आणि तो कसा वापरायचा हेही लोकांना ठाऊक नव्हते. व्यवहार तोट्यात गेला. पुढची काही वर्षे कर्ज, न्यायालय आणि कर्जबुडव्यांचा तुरुंग यांत गेली. नंतर हवाना, चार्ल्सटन, सव्हाना, न्यू ऑर्लिन्स अशी एकेक बाजारपेठ बसत गेली. १२ मे १८३३ रोजी ‘टस्कनी’ जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघाले, दोनदा विषुववृत्त ओलांडून चार महिन्यांनी, सप्टेंबरात, कलकत्त्याला पोहोचले आणि तेव्हा त्याच्या पोटात सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंकने बर्फ घेऊन आलेल्या रॉजर्सला चांदीचा पेला भेट दिला. तिथून या धंद्याची भरभराट सुरू झाली. १८५६ साली एकट्या बोस्टन बंदरातून सुमारे १,४६,००० टन बर्फ बाहेर गेला. या सगळ्या हकिकतीत तळ्यावरचा हिवाळा गृहीत धरलेला असतो. थंड प्रदेश आहे म्हणजे बर्फ आहेच, जणू तो कुणीही जाऊन उचलून आणावा.

तळ्यावर बर्फ कसा धरतो हे पाहिले की हे गृहीतक टिकत नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर पहिला पातळ थर एका रात्रीत धरतो. पुढची वाढ मात्र वरून होत नाही, ती खालून होते. खालच्या पाण्यातली उष्णता वरच्या थरातून पार होऊन हवेत गेली, तरच नवा बर्फ धरतो. त्यामुळे थर जितका जाड होत जाईल तितकी त्याची वाढ मंदावते. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ योसेफ स्तेफान यांनी ध्रुवसमुद्रातल्या नोंदींवरून याचे गणित मांडले: जाडी ही साठलेल्या थंडीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे जाडी दुप्पट हवी असेल तर थंडी चौपट हवी. तळे आधीच वीस सेंटिमीटर गोठलेले आहे, पृष्ठभाग स्वच्छ आहे आणि आठवडाभर सरासरी उणे दहा अंश तापमान राहिले, तर ढोबळ हिशेबाने आणखी दहाएक सेंटिमीटर बर्फ मिळतो. आता त्याच आठवड्याच्या सुरुवातीला हलके हिम पडले असे समजा. ताज्या, कोरड्या हिमात हवाच जास्त असते. त्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता घट्ट बर्फाच्या सुमारे एक-विसांश असते. तीस सेंटिमीटर बर्फावर फक्त दोन सेंटिमीटर हिम पसरले, तरी वाढीचा वेग निम्म्याहून खाली येतो. पाच सेंटिमीटर पसरले तर तो जवळपास एक-पंचमांशावर येतो. बाहेर हाडे गोठवणारी थंडी आहे, घोड्यांच्या नाकपुड्यांतून वाफा निघत आहेत, आणि तळ्यावरचा बर्फ मात्र वाढायला तयार नाही. लोकांच्या डोळ्यांना जो हिवाळा सर्वांत हिवाळ्यासारखा दिसतो, तोच या धंद्याला सर्वांत घातक.

हिमाचे दुसरे नुकसान याहून वाईट. हिमाच्या वजनाने बर्फाचा थर खाली दबतो, तडे जातात, त्या तड्यांतून पाणी वर येते, हिम भिजते आणि तो लगदा गोठून वरती एक पांढुरका थर तयार होतो. दिसायला तोही बर्फच. पण त्यात हवेचे बुडबुडे भरलेले असतात, तो ठिसूळ असतो आणि लवकर पाझरतो. शेजारच्या गावातल्या खाटकाला किंवा दूधवाल्याला तो चालला तरी चार महिन्यांच्या समुद्रप्रवासाला त्याचा उपयोग नाही. कलकत्त्याला आणि मुंबईला जाणारा बर्फ निळसर, पारदर्शक आणि घट्टच असायला हवा होता. येथे एक पुरावा मोठा बोलका आहे. १८४६–४७ च्या हिवाळ्यात काँकॉर्ड गावाजवळच्या वॉल्डन तळ्यावर शंभर आयरिश मजूर अमेरिकन मुकादमांच्या देखरेखीखाली बर्फ कापायला येत असत. तळ्याकाठी झोपडीत राहणाऱ्या हेन्री डेव्हिड थोरो यांनी ते सोळा दिवस पाहिले आणि आपल्या ‘वॉल्डन’ या पुस्तकात नोंदवून ठेवले. अंदाजे दहा हजार टनांचा ढीग रचला गेला, त्यावर गवत आणि फळ्या घातल्या. तो बर्फ बाजारात मात्र कधीच पोहोचला नाही. थोरो यांनी दिलेल्या संभाव्य कारणांतले एक असे, की त्यात नेहमीपेक्षा जास्त हवा होती आणि तो अपेक्षेप्रमाणे टिकला नाही. ढिगाचा उरलेला भाग १८४८ च्या सप्टेंबरात पुरता वितळला. या प्रकरणावर लिहिताना लेखक बहुधा थोरोंच्या त्या कल्पनेपाशी थांबतात, की आपल्या विहिरीचे पाणी मद्रास, मुंबई आणि कलकत्त्याचे लोक पितात आणि वॉल्डनचे पाणी गंगेत मिसळते. मला मात्र बुडबुड्यांची ती कोरडी नोंद जास्त मोलाची वाटते. शंभर माणसांची सोळा दिवसांची मेहनत एका हिवाळ्याच्या हवामानाने निकामी केली असावी, हे तीतून कळते.

आता मुकादमाची अडचण ध्यानात घ्या. जानेवारीचा मध्य आहे. बर्फ दहा इंच झाला आहे. बारा-पंधरा इंच झाला तर लादी मोठी मिळेल, प्रवासात कमी वितळेल, भाव चांगला येईल. त्यासाठी आणखी आठवडाभर कडक थंडी हवी. पण आभाळ ढगाळते आहे, हलके हिम पडण्याचा रंग दिसतो आहे आणि त्यामागून दक्षिणेचा वारा आला तर आहे तेही जाईल. आज कापायला घ्यायचे की थांबायचे? पीक काढणीला आलेले असताना अवकाळीच्या भीतीने आभाळाकडे पाहणारा आपल्याकडचा शेतकरी हीच घालमेल सोसतो. फरक एवढाच, की बर्फाच्या बाबतीत हिमाचा एक हलका शिडकावाही पुरेसा होता. त्या काळी अंदाज सांगणारे कुणी नव्हते. अमेरिकेत तारायंत्रावर आधारलेली सरकारी हवामानसेवा १८७० मध्ये सुरू झाली. तोवर कलकत्त्याच्या व्यापाराला चार दशके होत आली होती. म्हणजे या धंद्याची सगळी भरभराटीची वर्षे वाऱ्याची दिशा, ढगांचा थर, तापमापकातला पारा आणि बर्फात पाडलेल्या भोकातून मोजलेली जाडी यांच्या भरवशावर गेली. हे ज्ञान कुठल्या ग्रंथात नव्हते. ते तळ्यावर उभ्या राहणाऱ्या माणसांच्या हाताडोळ्यांत होते, आणि त्यांतल्या बहुतेकांची नावे आपल्यापर्यंत आलेली नाहीत.

एक नाव मात्र आले आहे, आणि त्याच्या कामातून माझ्या म्हणण्याला सर्वांत भक्कम आधार मिळतो. नॅथॅनिएल वायेथ हा केंब्रिजमधल्या फ्रेश पाँडच्या काठचा माणूस. त्याच्या कुटुंबाचे तिथे हॉटेल होते. ट्यूडरसाठी बर्फ कापून देताना त्याने १८२५ मध्ये घोड्यांनी ओढायचा बर्फाचा नांगर बनवला. एका समांतर पट्टीच्या आधाराने तो सारख्या अंतरावर खोल चरे पाडत जाई. मग आडवे चरे पाडायचे, की तळ्याचा पृष्ठभाग चौकटींनी भरून जाई. मग पहार आणि पाचर मारून लाद्या सुट्या करायच्या आणि मोकळ्या केलेल्या पाण्याच्या वाटेने त्या तरंगत काठावर ढकलायच्या. या शोधाने मजुरी वाचली, असे सांगतात, आणि ते बरोबरच आहे. वाचलेल्या मजुरीपेक्षा वाचलेले दिवस मात्र अधिक मोलाचे होते. हाताच्या करवतीने जे काम तीन-चार आठवडे चालले असते, ते आता एका थंड लाटेत उरकता येऊ लागले. हिमाच्या दोन शिडकाव्यांच्या मध्ये सापडलेला आठवडा पुरेसा ठरू लागला. बाकीची अवजारे पाहिली तरी हाच हेतू दिसतो. पृष्ठभागावरचे हिम खरवडून काढणारी, घोड्यांनी ओढायची मोठी फळी. पांढरा सच्छिद्र थर तासून काढणारा रंधा. हिम फार पडले तर बर्फाला भोके पाडून तळ्याचे पाणी वर आणायचे आणि ते हिम भिजवून गोठू द्यायचे, ही युक्ती. कापण्याच्या अवजारांइतकीच हिमाशी झुंजण्याची अवजारे या धंद्यात होती, आणि ज्या धंद्यात कच्चा माल फुकट आणि अमाप आहे, तिथे त्याच्या रक्षणासाठी एवढी यातायात कुणी करत नाही. सारख्या मापाच्या चौकोनी लाद्या, दोन भिंतींच्या मध्ये भुसा भरलेली कोठारे, मेन राज्यातल्या गिरण्यांमधून टाकाऊ म्हणून पडलेला लाकडाचा भुसा, या सगळ्यांचे कामही तेच होते: काही दिवसांत हाती आलेली थंडी पुढचे दीड वर्ष पुरवणे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. न्यू इंग्लंडमध्ये तळी शेकडो होती, हिवाळा दरवर्षी येत होता. अडचण बर्फाची नव्हती, जहाजांची आणि गिऱ्हाइकांची होती. बोस्टनहून पूर्वेकडे जाणारी जहाजे रिकाम्या पोटी, दगडांचा भार घालून जात. त्या जागी बर्फ गेला म्हणून धंदा परवडला, आणि त्याचे श्रेय व्यापारी हिशेबाला, हवामानाला नव्हे. स्वस्त भाड्याविना कलकत्त्याचा व्यवहार उभा राहिला नसता हे मला मान्य आहे. पण हा आक्षेप दोन गोष्टी विसरतो. तळी शेकडो असली तरी बंदराजवळची, पारदर्शक बर्फ देणारी तळी थोडीच होती, आणि त्यांच्या पृष्ठभागासाठी शेतजमिनीसारखे तंटे होत. फ्रेश पाँडच्या काठावरच्या मालकांचा वाद इतका वाढला, की १८४१ मध्ये तळ्याची मोजणी करून, ज्याचा किनारा जेवढा त्या प्रमाणात गोठलेल्या पाण्याच्या हद्दी आखून दिल्या गेल्या. त्याच वर्षी तळ्यापर्यंत लोहमार्ग आला. अमाप वस्तूच्या वाटण्या होत नाहीत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. थंडीच हवी होती तर व्यापारी आणखी उत्तरेला का गेले नाहीत? कारण उत्तरेकडे बंदरे आणि नद्याही गोठतात. बर्फाच्या व्यापाराला असा प्रदेश हवा होता, जिथे तळे गोठते पण समुद्र बहुधा मोकळा राहतो. बोस्टन नेमके त्या अरुंद पट्ट्यावर बसले होते. हा पट्टा किती अरुंद होता हे १८४४ च्या हिवाळ्याने दाखवून दिले. त्या वर्षी थंडी एवढी वाढली, की बोस्टन बंदरच गोठले आणि क्यूनार्ड कंपनीची ‘ब्रिटानिया’ ही टपाल नेणारी आगबोट अडकून पडली. तेव्हा शहरातल्या व्यापाऱ्यांनी पैसे उभे केले, तळ्यावरचे बर्फ कापणारे मजूर, घोडे आणि नांगर बंदरात आणले, अनेक मैल लांबीचा जलमार्ग कापून काढला आणि ३ फेब्रुवारीला आगबोट बाहेर पडली. थंडी कमी पडली तर माल नाही, जास्त पडली तर मालाला वाट नाही. पुढे मेन राज्यातल्या केनेबेक नदीवर मोठा धंदा वाढला, पण तिथे बर्फ कोठारांत भरून वसंतात नदी मोकळी होईपर्यंत थांबावे लागे.

हा बर्फ जिथे जायचा त्या देशातही बर्फाची जुनी विद्या होती, आणि तीही हवामानावरच उभी होती, मात्र उलट बाजूने. ‘आइन-ए-अकबरी’त सोऱ्याच्या पाण्यात भांडे फिरवून पाणी गार करण्याची रीत दिली आहे, आणि १५८६ मध्ये बादशहाचा मुक्काम पंजाबात हलल्यावर उत्तरेकडच्या डोंगरातून लाहोरला होड्यांतून, गाड्यांतून आणि माणसांच्या खांद्यावरून हिम येऊ लागले, असे अबुल फज्ल सांगतो. याहून विलक्षण रीत गंगेच्या मैदानातली. तिथे हिवाळ्यात हवेचे तापमान गोठणबिंदूपर्यंत क्वचितच उतरते, तरी बर्फ तयार होई. जमिनीत उथळ खड्डे खणून त्यांत कोरडा पेंढा किंवा उसाचे पाचट पसरायचे, त्यावर सच्छिद्र मातीची पसरट भांडी मांडून त्यांत थोडे थोडे पाणी घालायचे. रात्र निरभ्र, कोरडी आणि वारा मंद असेल, तर पहाटेपर्यंत पाण्यावर पापुद्रा धरे. सूर्य उगवण्याच्या आत तो गोळा करून खोल खड्ड्यात कुटून भरत. सर रॉबर्ट बार्कर यांनी अलाहाबादला पाहिलेल्या या रीतीचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीने १७७५ मध्ये छापले. उघड्या आकाशाकडे उष्णता निघून जाते आणि जमिनीकडून येणारी उष्णता पेंढा अडवतो, हे त्याचे खरे कारण युरोपच्या शास्त्राला पुढे काही दशकांनी, दवाच्या अभ्यासातून उलगडले. कलकत्त्याजवळ हुगळीला याच पद्धतीने बर्फ होई. त्यात माती आणि पेंढ्याचा कचरा असे आणि तो उन्हाळा संपेपर्यंत पुरत नसे. अमेरिकन बर्फाने तो बाजार काबीज केला तो स्वच्छता आणि कमी भाव यांच्या जोरावर. पण केंब्रिजचा मुकादम आणि हुगळीचा बर्फवाला यांना रात्री आकाशात एकच गोष्ट हवी असे: ढग नकोत. ट्यूडरच्या धाडसाची कहाणी सांगताना भारतातल्या या कारागिरांना ‘घाणेरडा बर्फ’ एवढ्या शब्दांत निकालात काढतात, याचे मला वाईट वाटते. गोठणबिंदूच्या वरच्या हवेत पाणी गोठवणे हे तयार गोठलेले तळे कापण्यापेक्षा कमी बुद्धीचे काम नाही.

मुंबईला अशी सोय नव्हती. समुद्राकाठच्या दमट हवेत, सौम्य हिवाळ्यात, पेंढ्यावर मांडलेल्या भांड्यात बर्फ धरणे शक्यच नव्हते. म्हणून १८३४ च्या सुमारास जहाजाने आलेला बर्फ हा इथे सर्वस्वी नवा पदार्थ होता. जहांगीर नसरवानजी वाडिया यांच्या पेढीने तो आणण्यात पुढाकार घेतला. जमशेटजी जीजीभाई यांनी त्याच सुमारास आपल्या मेजवानीत आइस्क्रीम वाढले, आणि यजमानांना व पाहुण्यांना सर्दी झाली तेव्हा ‘मुंबई समाचार’ने नव्या चैनीची ही शिक्षाच असल्याचा सूर लावला. १८४३ मध्ये लोकवर्गणीतून गोदीजवळ बर्फघर बांधले गेले. ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाडले गेले. मद्रासचे १८४२ चे बर्फघर अजून उभे आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तिथे राहिले म्हणून आज ते विवेकानंदांच्या नावाने ओळखले जाते. या इमारतींच्या जाड भिंती इथल्या उन्हापासून बचावासाठी होत्या हे उघड आहे. त्यांचे दुसरे काम कमी सांगितले जाते: पुढच्या जहाजाची खात्री नसल्याने हाती आलेला साठा टिकवणे. मॅसॅच्युसेट्समधला एक हिवाळा हुकला, की त्याचा परिणाम काही महिन्यांनी मुंबईच्या टेबलावर आणि दवाखान्यात दिसे. ताप उतरवण्यासाठी डॉक्टर बर्फ सांगत, आणि तो असला तर मिळे. एका दूरच्या तळ्यावर हिम भुरभुरले की नाही, यावर इथल्या रोग्याच्या कपाळावरची पट्टी अवलंबून असावी, हे नाते त्या काळच्या मुंबईकरांना कळण्याचा काही मार्ग नव्हता. बर्फाचा बराचसा भाग गोऱ्या साहेबांच्या आणि श्रीमंत पारशी-गुजराती शेठांच्या पेल्यांत विरघळला. त्याला सर्व शहराची सोय म्हणणे चुकीचे होईल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हा व्यापार हवामानावर एवढा अवलंबून होता तर तो हवामानाने मेला असता. तो तर यंत्राने मारला. मद्रासमध्ये १८७४ मध्ये आणि कलकत्त्यात १८७८ मध्ये यांत्रिक बर्फाच्या कंपन्या निघाल्या, आणि काही वर्षांतच अमेरिकन जहाजांचे येणे थांबले. भारतापुरते हे बरोबर आहे. चार महिन्यांचा प्रवास करून येणाऱ्या मालाला वाफेच्या यंत्राशी झुंजणे अशक्य होते, हिवाळा कसाही असो. पण यंत्राचा बर्फ सुरुवातीला महाग आणि बेभरवशाचा होता. मग खुद्द अमेरिकेत, जिथे तळी दारात होती आणि वाहतूक स्वस्त होती, तिथे लोक त्याच्याकडे का वळले? याची कारणे तपासली की पुन्हा हवामान समोर येते. एक कारण युद्धाचे: १८६१ नंतर यादवीमुळे दक्षिणेचा उत्तरेकडून येणारा बर्फ तुटला आणि न्यू ऑर्लिन्सने फर्दिनां कारेची अमोनियावर चालणारी यंत्रे आणवली. दुसरे कारण पाण्याचे: वाढत्या शहरांचे सांडपाणी नद्या-तळ्यांत जाऊ लागले आणि नैसर्गिक बर्फातून रोग पसरण्याची भीती बळावली. तिसरे कारण उबदार हिवाळ्यांचे. १८७० मध्ये हडसन नदीवर बर्फ पुरेसा धरला नाही. १८८९–९० चा हिवाळा अमेरिकेच्या पूर्व भागात इतका सौम्य होता, की हडसनचे बर्फाचे पीक जवळजवळ बुडाले, भाव भडकले आणि मेनमधून मिळेल तेवढा बर्फ ओढला गेला. ज्या दारूभट्ट्यांनी आणि मांस साठवणाऱ्या कंपन्यांनी तोवर यंत्राचा खर्च टाळला होता, त्यांनी आता तो केला. त्यांनी यंत्र घेतले ते तळ्याच्या बर्फापेक्षा स्वस्त म्हणून नव्हे. पुढच्या जानेवारीत थंडी पडेल की नाही, या प्रश्नातून सुटका व्हावी म्हणून त्यांनी ते घेतले. म्हणजे यंत्राने हवामानाला बाजूला सारले हे खरे. पण यंत्रासाठी गिऱ्हाईक हवामानानेच तयार केले होते.

कुणी म्हणेल, आठवड्याच्या थंडीला एवढे महत्त्व देणे म्हणजे माणसांच्या कर्तृत्वाला कमी लेखणे आहे. मला ते उलट वाटते. फुकट पडलेली वस्तू उचलून विकणारा माणूस चतुर ठरतो, एवढेच. जी वस्तू काही दिवसच असते, हिमाच्या एका शिडकाव्याने बिघडते आणि दक्षिणेच्या वाऱ्याने नाहीशी होते, तिच्यातून पन्नास वर्षे सातासमुद्रापलीकडच्या शहरांना पुरवठा करणे ही कामगिरी कितीतरी मोठी आहे. फक्त ती एका माणसाची राहत नाही. ट्यूडरच्या पेढीच्या हिशेबात जहाजांची नावे सापडतात. पहाटे बर्फात भोक पाडून जाडी मोजणाऱ्याचे, मध्यरात्री उठून ओले होण्याआधी हिम खरवडायला घोडे जुंपणाऱ्याचे नाव सापडत नाही. त्या लोकांनी ट्यूडरला दिले ते बर्फाहून मोलाचे होते: कोणत्या दिवशी नांगर घालायचा याचा निर्णय. स्तेफानचे समीकरण पुस्तकांत आले ते १८९० च्या सुमारास. तेव्हा भारताकडे जाणारी बर्फाची जहाजे बंद होऊन दशक लोटत आले होते. ज्या फ्रेश पाँडवर वायेथचा नांगर पहिल्यांदा फिरला, ते तळे केंब्रिज शहराने पिण्याच्या पाण्यासाठी घेतले आणि त्याच्या काठची बर्फाची कोठारे हटवली. आजही त्या तळ्याचे पाणी केंब्रिजच्या नळांना येते.